चौथा लाल

अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका लावायचा, अंगठा उन्हात उभा धरायचा आणि म्हणायचं, "थांबा, वाळू द्या." फुलचूरचे आमचे शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक, रंग असा पारखत. तो अंगठा पाहून, लिफ्ट मागताहेत असं समजून, दोन ट्रकवाल्यांनी त्यांना कोहमाऱ्यापर्यंत सोडायची तयारी दाखवली होती.

अ‍ॅक्रिलिक ओलं असताना उजळ दिसतं, वाळलं की गडद होतं. हे ज्ञान मास्तरांनी मला किमान दीडशे वेळा दिलं. मी एकदाही मागितलं नव्हतं. वाळेपर्यंत थांबलोही नव्हतो.

काम एकच होतं. २००६च्या सुमारास त्यांनी लग्नाच्या काळ्यापांढऱ्या फोटोवरून बायकोचं, म्हणजे वहिनींचं, चित्र काढायला घेतलं. चेहरा दोन आठवड्यांत झाला. लुगडं कोरंच राहिलं, कारण ते नेमकं कोणतं लाल होतं हे फक्त वहिनींना आठवत होतं. वहिनी गुडघ्यांमुळे खाटेवरच असत. मास्तर छटा मिसळून नख पुढे करत. वहिनी चष्मा लावून बराच वेळ बघत आणि म्हणत, "नाही जी. आणखी जरासा पिवळा."

गोंदियाचा रंगवाला वैतागला. "मास्टरजी, लाल तो लाल होता है." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने दुकानाबरोबर डोळेही भाड्याने घेतले होते.

नमुन्यांना वहीत नंबर होते. एकतिसाव्याला मी वहिनींना एकटं गाठून विचारलं, "काऊन छळता त्यांना?"

"चौथाच होता, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सांगतलं असतं, त मंग मले पुसायले कोन आलं असतं? नोकरीभर पोरायचीच चित्रं पायली त्यायनं. तुमी सांगू नका."

सदतिसाव्यानंतर वहिनी गेल्या. मास्तरांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "आता कोणाला विचारू?"

महिनाभर मी शब्द पाळला. मग मोडला. "चौथा," एवढंच म्हणालो.

मास्तरांनी वही उघडली, चौथा मिसळला, नखावर लावला आणि सवयीने खाटेपाशी गेले. घडी केलेल्या गादीसमोर अंगठा धरून उभे राहिले.

"थांबा," ते मला म्हणाले, "वाळू द्या."

त्या दिवशी मी वाळेपर्यंत थांबलो.