पाल्याचं वजन

उभ्या झाडात कार्बन किती साठलाय हे नुसत्या टेपनं सांगता येतं म्हणतात. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, सूत्रात घालायचा, झालं! पण सूत्र बांधलेलं भरपूर पावसाच्या मुलखातल्या झाडांवरून, आणि आमचा सोलापूरचा माळ खडखडीत. मला काही ते पटेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, गप शिकवावं की! पण नाही. एक झाड तोडायचं आणि खोड, फांद्या, पाला सगळं तोलूनच बघायचं, असं डोक्यात घेतलं.

मैंदर्गीजवळ रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी माळावर सुबाभूळ लावलीय. टँकरच्या पाण्यावर जगवलेली झाडं.

"एकच देतो," ते म्हणाले. "माळावरचं झाड आंगात किती साठवतंय, ते मलाबी बघायचंय. आकडा सांगितल्याबिगर जायचं न्हाय."

काकांच्याच करवतीनं झाड पडलं. मी आणि माझे दोन विद्यार्थी खोडाचे तुकडे काट्यावर चढवण्यात दंग. मागं वळून बघते तर पाला गायब! त्या भागात झाड पडलं की डहाळ्या शेळ्यांच्या, त्याला कुणी कुणाला विचारत नाही. वस्तीवरच्या बायांना वाटलं, बाई खोड तोलतीय म्हणजे लाकूड विकायचं असणार, पाला काय कामाचा हिला? भारे बांधून केव्हाच गेल्या होत्या.

मी तणतणत वस्तीवर गेले. दारादारात सोललेल्या काड्या, आणि शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या.

"अहो आजी, तो पाला मला तोलायचा होता!" मी एका म्हातारीवर जवळजवळ ओरडलेच.

"आत्ता गं बया! मग शेळीच तोल की," असं म्हणून ती खरंच शेळी सोडायला निघाली.

रागातही मला हसू फुटलं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मोहसुद्धा झाला. पण शेळीचं सकाळचं वजन कुणाला ठाऊक?

परत आले तर काका बुंध्यापाशी वाट बघत उभे. पाल्यावाचून आकडा पुरा होणार नाही, हे सांगताना माझा जीव अर्धा झाला.

"म्हंजे हे फुकटच तोडलं की वो, मॅडम."

"व्हय, काका."

दुसरं झाड मागायचं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी करवत उचलली, शेतातल्या खोलीत ठेवली आणि दाराला कुलूप घातलं.