आमच्या गॅसवरचा चहा

त्या माणसाने आमच्या भाताच्या गंजावरचं झाकण उचललं आणि आत नाक घातलं.

बाहेर जीप उभी होती. अंगणात सात-आठ पाहुणे. मे महिना, डोक्यावरचे पत्रे तापलेले. त्याने डोळे मिटून वास घेतला. एकदा. मग पुन्हा. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. माझी मायसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "अजिबात येत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कशाचा वास येत नाही, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. आमचा गोबरगॅस संडासाला जोडलेला होता.

मी तेव्हा नववीत होते. शेगडीजवळ उभी होते. तो भात मला जेवायचा होता. जेवलेही. पण त्या दिवसापासून ताट समोर आलं की मी आधी वास घेते. आजही घेते. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या हाताने रांधलेल्या अन्नाचा.

आमची वस्ती वर्ध्याच्या टोकाला, सावंगीच्या बाजूला. सगळी बौद्धांची घरं. बाप लवकर गेला. माय लोकांच्या वावरात निंदायला जायची आणि येताना डोक्यावर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, भारा आणायची. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते. तिच्यापुढे सतत बसून राहावं लागतं. मायचे डोळे कायम लाल. नव्वद सालानंतर कधीतरी एका संस्थेची माणसं वस्तीत आली. कमी पाण्यात, कमी लाकडात गावं कशी जगतील, यावर त्यांचं काम चाले. त्यांच्या प्रमुखांना सगळे भाऊ म्हणायचे. खादी घालायचे, हळू बोलायचे, माझ्या मायला 'अहो बाई' म्हणायचे. त्यांनी आमच्या परसात गोबरगॅसचा खड्डा खणून दिला, वर लोखंडी ड्रम बसवून दिला; तो गंजू नये म्हणून संस्था दर वर्षी रंगही देई. आमच्याकडे गाय एकच. तिच्या शेणात भागेना. म्हणून शेजारी संडास बांधला आणि तोही त्याच खड्ड्याला जोडला.

मला खोटं लिहायचं नाही. गॅस चांगला होता. निळी ज्योत, धूर नाही, राख नाही. मायचे डोळे निवले. संडासासाठी अंधार पडायची वाट पाहणं संपलं. आणि वास खरोखरच येत नव्हता. फक्त एक होतं. जेवढं शेण तेवढं पाणी त्यात रोज कालवावं लागे. उन्हाळ्यात वस्तीचा हापसा आचके द्यायचा. अर्धी बादली भरायला हात दुखून यायचे. ते पाणी आम्ही आधी खड्ड्याला पाजायचो, मग आम्ही प्यायचो.

मग जीपा सुरू झाल्या. नागपूरची माणसं, दिल्लीची माणसं, कधी परदेशी. भाऊ सोबत असायचे. "बाई, पेटवा जरा." माय कॉक फिरवायची, काडी लावायची. पाहुणे ज्योतीवर हात धरायचे. फोटो काढायचे. आणि दर वेळी माय त्याच ज्योतीवर चहाचं भांडं चढवायची.

चहा कोणी घेत नसे. कोणाचं पोट बरं नसायचं. कोणी आत्ताच घेतलेला असायचा. कोणी कप हातात धरायचा, बोलत बोलत चालायचा आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून द्यायचा.

मला वाटायचं, माय भोळी आहे. तिला वाटतंय की चहातच काही कमी आहे. कारण पुढच्या खेपेला ती आलं टाकायची. त्याच्या पुढच्या खेपेला वेलची. गाईचं दूध पातळ म्हणून शेजारून म्हशीचं मागून आणायची. एकदा बाजारातून फुलाफुलांच्या कपबशा घेऊन आली. पाहुणे गेले की तो चहा वस्ती प्यायची. शेजारची कौसाबाई फुर्र करून बशीतून ओढायची आणि म्हणायची, "आमच्या घरी पाव्हणे येते त जेवाले येते. तुह्या घरचे पाव्हणे संडास पाहाले येते. मोठ्या नशिबाची हायेस तू!"

"तू बी बांध न मंग. तुले कोनं अडवलं?" माय हसायची.

मी हसत नसे. शाळेत माझं नाव 'गॅसवाली' पडलं होतं. आमच्या भाजीला फोडणी कशाची असते, हा प्रश्न मला वर्गात विचारून झाला होता.

भाऊंची मुलगी अनघा माझ्याच वर्गात होती. ती मला कधीच काही बोलली नाही. ती चांगली होती आणि हेच मला सहन होत नसे. ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. तिच्या वह्यांना खाकी कव्हरं असायची. तिच्या अंगाला धुराचा, शेणाचा, कशाचाच वास नसायचा. ती जी पुस्तकं वाचायची तीच मी वाचायचे, तिच्याकडून मागून आणून, आणि पानं उलटताना मला वाटायचं, हे आधी तिने वाचलंय. माझ्यापर्यंत शिळं येतंय.

दहावीच्या परीक्षेनंतर एकदा पुस्तक परत करायला तिच्या घरी गेले. दुपार होती. ती खिडकीतल्या कूलरमध्ये नळी लावून पाणी भरत होती. नळीत जोर होता. टाकी भरून पाणी खाली सांडत होतं, मोगऱ्याच्या आळ्यातून वाहत फाटकापर्यंत येत होतं. मी चपला काढल्या आणि त्या पाण्यात उभी राहिले. थंड होतं. हवा गार करायला बादल्याच्या बादल्या पाणी. तेवढ्यात आमचा खड्डा आठवडाभर चालला असता. मला त्या पाण्याचा हेवा वाटला. त्या नळीचा वाटला. तिच्या हातांचा वाटला, कारण त्यांवर हापशाचे घट्टे नव्हते.

"आत ये ना," अनघा म्हणाली.

आत बैठकीत त्या दिवशीचे पाहुणे बसले होते. सकाळी आमच्या अंगणात आलेले तेच. त्यांच्यातल्या एकाचं माझ्या मायसमोर पोट बिघडलेलं होतं. तो इथे चहा पीत होता. "वहिनी, अजून अर्धा कप होईल का? फक्कड झालाय." अनघाची आई हसत आत गेली. तिच्या मागोमाग मीही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ओट्याखाली लाल सिलेंडर होता. शेजारी दुसरा, भरलेला.

मी अनघाला विचारलं, "तुमच्याकडे भाऊंचा गॅस नाही?"

"शी!" ती म्हणाली. मग तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "आईला चालत नाही गं. स्वयंपाकघरातच देवघर आहे ना आमचं."

आणि बैठकीतून भाऊंचा आवाज आला. तोच हळू, समजूतदार आवाज. "बाकी वस्त्यांत कोणी तयारच होईना. या लोकांत देवधर्म, सोवळं-ओवळं काही उरलेलं नाही. त्यामुळे अडचण आली नाही. त्यांना चालतं."

त्यांना चालतं.

माझ्या आज्याने घरातले देव उचलून नदीत सोडले होते. नागपुरात दीक्षा घेऊन आल्यावर. गावाने त्याचं काम बंद केलं, तरी त्याने देव परत आणले नाहीत. माणूस म्हणून ताठ उभं राहायचं म्हणून सोडले होते. यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की आम्हाला घाण चालते.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि घरी आले. ऊन लागत होतं ते कळलंही नाही. डोक्यात एकच होतं. तिच्या आईचा चहा पितात.

जून उजाडला नव्हता तोच पुन्हा जीप आली. पुन्हा तेच. ज्योत, हात, फोटो. एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी वरणाच्या गंजाकडे हात नेला. झाकण उचलणार, तेवढ्यात मी माझा हात झाकणावर ठेवला. झाकण तापलेलं होतं. मी हात उचलला नाही.

"हात काढा," मी म्हणाले.

सगळे थांबले. मी मायने भरून ठेवलेल्या कपांकडे बोट दाखवलं. "आधी चहा घ्या. मग वास घ्या."

बाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ हसले. म्हणाले, "यांचा आज उपास आहे."

"उपासाला चहा चालतो, भाऊ. बिघडलेल्या पोटालाही चालतो. तुमच्या घरी पाहिलं मी."

कोणी कप उचलला नाही. मी दुसऱ्या हाताने कॉक फिरवला. ज्योत गेली. "आता पाहायला काही नाही," मी म्हणाले.

भाऊंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. माझ्याशी ते बोललेच नाहीत. मायला म्हणाले, "हिला आवर. शिकवलं की हे असं होतं." अहो बाई गेलं. उरलं ते 'तू'.

जीप गेली. मला वाटलं, माय मला जवळ घेईल. तिने माझा भाजलेला हात पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला.

"काऊन केलं असं? आता ड्रमले रंग कोन देईन? सडला म्हंजे?"

"ते आपला चहा पीत नाहीत, माय. तुला कळत नाही."

"मले समजत नोतं, असं वाटलं तुले? पयल्याच दिवशी समजलं मले."

"मग दर वेळी करायचीस कशाला? आलं, वेलची, त्या कपबशा?"

तिने माझा हात पाण्यातून काढला, पदराने टिपला. "एखाद्यानं त पेला असता," ती म्हणाली.

ड्रमबद्दल माय बरोबर होती. संस्थेने नंतर ड्रमला रंग दिला नाही. पावसाळ्यात तो गंजला, भोक पडलं. मायने डांबर लावलं, फाटकी ट्यूब गुंडाळली. तीन पावसाळे तिने तो जिवंत ठेवला. मग एके दिवशी ती पुन्हा पऱ्हाटीचा भारा घेऊन आली आणि चूल लिंपायला बसली. मी कॉलेजात होते. निळी ज्योत विझवल्याची किंमत मी दिली नव्हती. मायच्या डोळ्यांनी दिली. तरीही तो कॉक मी आज पुन्हा बंद करेन.

पुढे मी भूगोलात एम.ए. केलं. शिकवायला लागले. कमी पावसाच्या प्रदेशातलं पाणी, हा धडा दर वर्षी शिकवते. पगार सुरू झाल्यावर पहिली वस्तू घेतली ती लाल सिलेंडर. मायने त्यावर पाच-सहा वर्षं स्वयंपाक केला. पण धुराने तिची छाती आधीच गेली होती. या उन्हाळ्यात ती वारली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर भाऊ भेटायला आले. आता निवृत्त, काठी टेकत. मला 'अहो' म्हणाले. मायच्या फोटोला हात जोडले. मी सहज विचारलं, वहिनी कशा आहेत? "मजेत आहे. सकाळी फिरायला जाते." अनघाची आई सकाळी फिरायला जाते. ती माझ्या मायपेक्षा वयाने मोठी आहे.

मग ते कामाचं बोलले. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला नवी कॉलनी होते आहे. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी. शहराला पाणी पुरत नाही, म्हणून सगळं विचार करून बांधताहेत. छपरावर सूर्याची ऊर्जा, पावसाचं पाणी टाक्यांत, न्हाणीचं पाणी बागेला. भाऊ सल्लागार आहेत. आणि संडासांचं सगळं एका मोठ्या गोबरगॅसला.

"तो कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या वस्तीच्या कडेला. उतारच तिकडे आहे, काय करणार? वस्तीला गॅस फुकट."

"कॉलनीवाले त्या गॅसवर रांधतील?"

"त्यांच्याकडे सिलेंडर आहेत ना." मग मऊ आवाजात म्हणाले, "प्लान्टला तुमच्या आईचं नाव द्यावं, असं आमच्या मनात आहे. पहिल्या लाभार्थी त्याच. भूमिपूजनाला तुम्ही दोन शब्द बोला."

मी त्यांना चहा विचारला नव्हता. विचारलाही नाही. दारापर्यंत सोडलं.

आठवडा गेला. मग वस्तीतल्या बायांना विहारात बसवून सगळं सांगितलं. कौसाबाईंना आता ऐकू कमी येतं, त्यांना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे हागतीन ते अन् नाव आपलं?"

हो. तेच.

लोक मला म्हणतात, आई गेल्यामुळे तू कडवट झालीस. म्हणतात, अनघाचा अजून हेवा करतेस. करते. तिच्या नळीचा, तिच्या सिलेंडरचा आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या तिच्या आईचा. हा हेवा मी सोडणार नाही.

भूमिपूजनाला माझे दोन शब्द हवे होते. ते इथे लिहून देते. गोबरगॅस चांगला आहे. त्याचं पाणी, त्याचं खत, त्याची ज्योत, सगळं चांगलं आहे. मी ते वर्गात शिकवते आणि शिकवत राहीन. म्हणूनच तो कॉलनीत खणा. ज्यांचं आहे त्यांच्या अंगणात. उतार नसेल तर पंप लावा. आधी तुमच्या घरी वहिनींनी त्यावर भात शिजवावा, देवघराशेजारी. वस्तीकडे कुदळ आली, तर पहिल्या कुदळीखाली मी उभी असेन आणि माझ्यामागे बाया असतील. आणि नाव द्यायचंच असेल, भाऊ, तर तुमच्या स्वतःच्या आईचं द्या.