न दुखणारी कंबर

आमच्या मस्तगडच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी सणासारखी धावपळ असते. पिंप, बादल्या, कळशा, गच्चीवरची टाकी, सगळं तासा-दीड तासात भरून घ्यायचं. या कामात माझा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. भरलेला हंडा कमरेवर घेऊन एका दमात जिना चढायचा आणि गच्चीवरून खालच्या बायकांना ओरडून विचारायचं, "झालं का न्हाई तुमचं अजून?" पन्नाशी उलटली तरी हा तोरा कमी झाला नव्हता.

अशाच एका पाण्याच्या दिवशी जिन्यात मधेच मला वाटलं, आतलं काहीतरी सरकून खाली आलं. दुखलं नाही, खुपलं नाही, नुसतं जड वाटलं. हंडा तसाच पायरीवर टेकवला. मोरीत जाऊन खाली हात लावून पाहिलं तर लिंबाएवढा मऊ गोळा हाताला लागला. मी घाबरले. खोटं कशाला सांगू, मोरीचं दार लावून रडले. हा कॅन्सरच असणार असं मी तिथंच ठरवून टाकलं. माझ्या माघारी माझ्या शिलाई मशीनचं काय करायचं, इथपर्यंत विचार पोचला होता.

मी घरी ब्लाउज शिवते. निम्म्या गल्लीची मापं माझ्या वहीत आहेत. बायका माप देताना पोटातलं सगळं सांगतात. पण असल्या गोळ्याबद्दल कधी कोणी बोललेलं मला आठवेना. म्हणजे हे जगात फक्त मलाच झालंय, असाच मी अर्थ घेतला.

दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना सांगितलं. हे शाळेत गणित शिकवतात. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण असल्या विषयावर आमचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "चल, उद्याच दाखवून येऊ." आणि खरंच शाळेतून रजा काढून मला नवीन जालन्यातल्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, "गर्भाशय खाली सरकलंय. अंग बाहेर येणं म्हणतात ते हेच. घाबरू नका, फार पुढं गेलेलं नाही." दोन बाळंतपणं, आयुष्यभर उचललेले हंडे, वाढलेलं वजन आणि कायमचं बद्धकोष्ठ, या सगळ्यांनी मिळून हे काम केलं होतं. ऑपरेशन होऊ शकतं, आत बसवायची रिंगही मिळते, पण आधी तीन महिने व्यायाम आणि खाण्यापिण्याचं बघू, असं त्या म्हणाल्या. तोवर जड उचलायचं नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा काही उचलायचं नाही.

खरी अडचण आली ती इथं. माझी लेक पाच महिन्यांची गरोदर होती. तिचं सासर पुण्यात, सासूबाई आधीच वारलेल्या, जावई दिवसभर कामावर. पहिलं बाळंतपण माझ्याकडे हे ठरलेलं होतं आणि माझं गावभर सांगूनही झालं होतं. तीन महिन्यांत मी सुधारले नाही तर बरोबर तिच्या बाळंतपणाच्या वेळी मी खाटेवर असणार होते. आणि तिला नुसता सुगावा लागला असता तरी ती म्हणाली असती, "आई, तुला त्रास नको, मी इथंच राहते." तेव्हा तिला काही सांगायचं नाही, हे मी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं. ह्यांनीही मान डोलावली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले.

मूठ झाकायची म्हटलं तरी पाण्याचा दिवस काही झाकता येत नाही. पुढच्या पाण्याला हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हंडा घेऊन उभे राहिले. सगळी गल्ली काम सोडून बघत होती. एकानं तर विचारलं, "मास्तर, काय शिक्षा झाली का?" ह्यांना शाळेत उत्तरं चटकन सुचतात, इथं मात्र बावरले आणि म्हणाले, "हिची कंबर धरलीय."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घराला माझी कंबर ठाऊक झाली. कोणी शेक सांगितला, कोणी तेल आणून दिलं, कोणी डिंकाचे लाडू. कंबर बिचारी ठणठणीत होती. समोरच्या मावशी तर स्वतःच उठून आल्या. त्यांची हयात बियाण्याच्या कंपनीत निवडणीच्या आणि पोती भरायच्या कामात गेलेली, तोंड फटकळ, पण जीव लावणाऱ्या. हातात रुंद इलॅस्टिकचा पट्टा होता.

"हा बांध. चांगला आवळून बांध. मला लई गुण आल्ता."

"मावशी, न्हाई लागत हो मला. राहू द्या."

"लाजून काय करून राह्यली? कमरेचं दुखणं का कोणाला चुकलंय?"

त्यांनी स्वतःच्या हातानं तो पट्टा माझ्या पोटाला आवळला आणि घट्ट झाला का म्हणून दोनदा ओढून पाहिला. मला नाही म्हणता येईना. शिवाय मनात आलं, बाळंतपणानंतर आपल्यात पोट बांधतातच की. बांधल्यानं सगळं जागेवर राहतं असं माझी आई म्हणायची. तेव्हा हाही पट्टा वर धरून ठेवील. मी तो सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बांधायला लागले. मावशी समोर ओट्यावरच बसलेल्या असत, त्यामुळे सोडायची सोयही नव्हती.

व्यायाम शिकवायला त्याच दवाखान्यात एक मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, लघवी अडवताना आवळतो तसं आतून आवळायचं आणि वर ओढायचं. दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं." मी आवळलं. ती माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागली. "काकू, दात कशाला आवळताय? त्यांचा काही संबंध नाही. आणि श्वास रोखू नका."

मला ते आवळणं आणि बोलणं एकाच वेळी जमेना. त्यामुळे घरात दिवसातून तीनदा शांतता पसरायची. भाजीत मीठ जास्त का पडलं यावर आमचा वाद रंगात आला की हे हळूच विचारायचे, "आजचा व्यायाम झाला का गं?" आणि मी वेड्यासारखी आवळायला लागायची. दहा मोजून होईपर्यंत भांडण कुठे आलं होतं ते विसरून जायची. हा माणूस मुद्दाम करतोय हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

खाण्याचंही तसंच. कुंथायचं नाही, ही मुख्य अट. त्यासाठी पोट साफ हवं, आणि त्यासाठी पाणी. मी वर्षानुवर्षं पाणी जपून वापरता वापरता जपून पितही होते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ह्यांनी मशीनजवळ दोन बाटल्या भरून ठेवल्या आणि शाळेतून आले की गृहपाठ तपासावा तशा त्या तपासायला लागले. सकाळचा चहा-खारी बंद झाला. ज्वारीची भाकरी, तांदूळजा, मेथी, जवसाची चटणी सुरू झाली. शहागडजवळच्या माझ्या माहेराहून भाऊ मोसंबीचं पोतं पाठवतो. आम्ही रस काढून चोथा फेकायचो, आता चोथ्यासकट खायची. आठवडाभरात पोटाची तक्रार गेली, महिन्यात वजनही थोडं उतरलं. मी खुशीत होते.

पण जडपणा काही जाईना. उलट संध्याकाळी जास्तच वाटायचा. दीड महिन्यानं त्या मुलीनं तपासलं आणि तिचा चेहरा पडला. "काकू, खरं सांगा, काही उचलता का?"

"शपथेवर सांगते, भाजीची पिशवीसुद्धा न्हाई."

तेवढ्यात तिला टेबलावर सोडून ठेवलेला पट्टा दिसला.

"हा कशाला?"

"कमरेला."

"कंबर दुखते तुमची?"

"न्हाई."

"मग?"

आता काय सांगणार? ह्यांनी गल्लीला काय सांगितलं, मावशींनी काय आणलं, सगळी कथा सांगितली. तिनं कपाळाला हात लावला. मग खुर्चीवरच्या उशीला दोन्ही हातांनी मधेच आवळून दाखवलं. "आतला कापूस कुठं जाईल? थोडा वर आणि बाकीचा खाली. तुम्ही दिवसभर आवळून सगळं खालीच ढकलताय. व्यायामानं जे वर येतंय ते पट्टा खाली पाठवतोय."

मी रिक्षात बसले आणि मला रडूच आलं. माझे निम्मे दिवस लाजेपायी वाया गेले होते. लेक येणार महिन्या-दीड महिन्यात. रडता रडता मला मावशींचा राग आला, मग ह्यांचा, आणि घर येईपर्यंत स्वतःचाच. नाही म्हणायला काय जात होतं माझं?

पट्टा घेऊन तडक मावशींच्या घरी गेले. दार लोटून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, "मावशी, माझी कंबर बिलकुल दुखत न्हाई. माझं अंग खाली आलंय. हा पट्टा बांधल्यानं ते जास्त खाली येतं म्हणून डॉक्टरनी सांगितलं."

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी पट्टा माझ्या हातातून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मंग मीबी इतके दिवस उलटंच करून राह्यले म्हणायचं."

"म्हणजे?"

"माझी तरी कुठं दुखत होती कंबर?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसू फुटलं ते थांबेना. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "हसवू नको बाई, हसलं की लघवी होती." त्यावर आणखी हसलो. पण घरी आल्यावर मला त्यांचं वाईट वाटत राहिलं. नातवंडं मोठी झाली, तरी या बाईनं हे कुणापाशी काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना मीच दवाखान्यात नेलं. त्यांचं बरंच पुढं गेलेलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यांना रिंग बसवून दिली आणि जोडीला व्यायाम. दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसायच्या, मी शिवायची, आणि दोघी आवळायचो. त्यांना बोलत बोलत आवळणं पहिल्याच दिवशी जमलं.

पट्टा सुटल्यावर मात्र फरक पडला. तीन महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "पूर्ण वर गेलेलं नाही, आणि कदाचित जाणारही नाही. पण ऑपरेशनची आता गरज दिसत नाही. व्यायाम सोडू नका आणि हंडे विसरा." मी दवाखान्यातूनच लेकीला फोन केला आणि म्हटलं, "कधी येतेस?"

ती आली, आणि दिवस भरल्यावर नात झाली. मी खाली बसून, पाय पसरून नातीला न्हाऊ घालायची आणि गरम पाण्याच्या बादल्या हे आणून द्यायचे. लेकीला आश्चर्य वाटायचं. "बाबा इतके कसे सुधारले?" मी म्हणायची, "वय झालं, शहाणे झाले." तिला अजूनही मी काही सांगितलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी लेकीला मालिश करायला येणारी बाई जुन्या लुगड्याची लांब पट्टी घेऊन आली. आता पोट बांधायचं म्हणाली. पट्टीचं एक टोक तिनं माझ्या हातात दिलं, ओढायला.

"बांधायचं न्हाई," मी म्हटलं.

"का बरं? पोट सुटंल की पोरीचं."

डॉक्टर नको म्हणाले, असं सांगून मोकळी होणार होते. तेवढ्यात लेकीकडे लक्ष गेलं. ती पट्टीकडे बघत होती आणि तिचा चेहरा भेदरलेला होता. मी टोक खाली ठेवलं.

"का म्हणजे, माझं अंग खाली आलंय. चार-पाच महिने झाले. घट्ट बांधून मी ते आणखी खाली ढकललं. हिचं तसं करायचं न्हाई."

मालिशवालीनं पट्टी गुंडाळायला घेतली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावेल, इतके दिवस लपवलं म्हणून. तिचे डोळे भरून आले.

"आई, मलापण खाली जड वाटतंय. काहीतरी उतरून येतंय असं वाटतं. पाच दिवस झाले. मला वाटलं मलाच काहीतरी झालंय. तू इतकं करतेस, तुला कसं सांगू?"

मी तिला जवळ घेतलं. शेजारच्या खोलीत राहून माझी लेक पाच दिवस एकटी घाबरत होती आणि मी तिला मेथीचे लाडू भरवत होते. माझा मलाच संताप आला. म्हटलं, "बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना वाटतं, आणि लवकर दाखवलं तर आवरतं. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात आली. हे नातीला घेऊन आधीच आत जाऊन बसले. पाण्याचा दिवस होता, सगळी गल्ली नळावर. कोणीतरी ओरडून विचारलं, "सकाळी सकाळी कुठं निघाल्या गं मायलेकी?"

ह्यांनी चष्मा सावरला आणि उत्तर शोधायला लागले. पण लेक रिक्षात पाय ठेवता ठेवता थांबली, मागं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "माझं अंग खाली आल्यासारखं वाटतंय काकू, आईचंपण आलंय. दोघींचं दाखवायला चाललो."

नळाखालची बादली भरून वाहत होती तरी कोणी हलवेना. मग त्या गर्दीतली एक ओल्या हातानंच पुढं आली आणि रिक्षाच्या दांडीला धरून मला हळूच म्हणाली, "थांबा जरा. लुगडं बदलून मीबी येते."