हिलापण तेवढीच उंची लागते

हे मी पोटच्या लेकरांना सांगितलेलं नाही. मठात जाऊन स्वामींच्या पायावर डोकं ठेवलं, तिथंसुद्धा नाही. ओठापर्यंत यायचं — अन् मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. बोलायला मला विषय लागत नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. जन्मभर एवढं बोलले, ते हे एक बोलणं टळावं म्हणूनच की काय?

गोष्ट एका लिफ्टची आहे. माणसं वर नेणारी नव्हे, मोटार उचलून धरणारी. हसू नका. लोखंडाच्या एका वस्तूपायी माणूस किती खाली जाऊ शकतो, ते मला ठाऊक आहे.

लातूरला आमच्या घरात रस्त्याच्या बाजूला सासऱ्यांचं गुळाचं गोदाम होतं. गूळ बंद पडला तसं ह्यांनी तिथं गॅरेज टाकलं. मागं एक खोली आन् स्वयंपाकघर — तिथं आम्ही दोघं नि तीन लेकरं. गोदामाच्या वर एकच खोली होती, ती आक्कांची. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नाला चार वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, मुदखेडच्या सासरी दीर-जावांनी नुसतं राबवून घेतलं, म्हणून हे जाऊन त्यांना घेऊन आले होते. गळ्यात इष्टलिंग, अंगावर दोन लुगडी, बस.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. दोन-तीन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. नवी हापिसं, नव्या जीपा. साहेब लोक दुष्काळाची कामं बघत गावोगाव हिंडायचे, खडीवर जीपांचे कमानपाटे तुटायचे, आन् त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते — आम्हाला मात्र दुष्काळ धार्जिणा. खोटं कशाला बोलू? पण ह्यांची पाठ गेली. दिवसभर जीपखाली उताणं पडून काम. संध्याकाळी उठवायला दोघं लागायचे. गाडीखाली उभं राहायला खड्डा घ्यावा म्हटलं तर हातभर खणल्यावर काळा पाषाण लागला. मग ठरलं, लिफ्ट घ्यायची.

हैदराबादहून टपालानं एक कागद आला. इंग्रजी. आन् आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी.

मी शाळेची पायरी चढलेली नाही बरं का. लग्न होऊन आले तेव्हा अंगठा उठवायचे. आक्का चौथी पास. पाटीवर माझा हात धरून त्यांनी गिरवून घेतलं. दुपारी म्हणायच्या, "तू बस गं पुस्तक घेऊन, भाकरी मी बघते." मराठी अशी आली. इंग्रजी मी माझी मी शिकले — बेरिंगच्या डब्यांवरून, तेलाच्या डब्यांवरून, अक्षराला अक्षर जोडून. ह्यांना आकडे कळायचे, शब्द नाही. माझं लई कौतुक होतं त्यांना. गिऱ्हाइकापुढं म्हणायचे, आमची गिरजा इंग्रजी वाचते.

कागदावर दोन लिफ्टची चित्रं होती. एक मोठी — गाडी डोक्याच्या वर उचलणारी, खाली माणूस ताठ उभा राहील अशी. तिच्याखाली लिहिलं होतं, छत चौदा फूट पाहिजे. तो आकडा ह्यांनी स्वतःच वाचला. आमचं छत साडेअकरा. मोठी घ्यायची तर छत पाडायचं, म्हणजे आक्कांची खोलीच जायची. दुसरी बुटकी — गाडी कमरेएवढी उचलणारी. तिच्याखाली आकडा नव्हता. एक ओळ होती नुसती. ह्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आन् विचारलं, "हिला किती लागते?"

ती ओळ मला आजही जशीच्या तशी दिसते. घरातल्या गॅरेजात, कमी उंचीच्या छताखालीही बसते — असं लिहिलं होतं. मी वाचलं. परत वाचलं. उजेड चांगला होता, अक्षरं ठळक होती, मला सगळं कळलं होतं.

मी म्हणाले, "हिलापण तेवढीच लागते."

का म्हणाले? विचारा ना. मी स्वतःला हजारदा विचारलं. आक्का मला कधी टाकून बोलल्या होत्या? नाही. कामाला मागं होत्या? नाही, उलट माझ्या आधी उठायच्या. मग? — सांगते. काम संपलं की हे हात धुऊन आधी वर जायचे. आक्का चहा ठेवायच्या. दोघं भावंडं बोलत बसायची, हसायची. काय एवढं हसायची? माझ्याजवळ यायचे तेव्हा चहा पिऊन झालेला असायचा, बोलून झालेलं असायचं, उरलेली असायची ती दुखरी पाठ. तेवढंच. एका चहावरून मी एका विधवेचं छप्पर काढलं.

हे म्हणाले, उंची तेवढीच लागणार तर मग मोठीच घेऊ. ऑर्डरीचं पत्र मीच लिहिलं, इंग्रजीत. ह्यांच्या मनात आलं, आक्कांची वळकटी मागच्या खोलीत लेकरांजवळ टाकावी. ते मला दिसलं त्यांच्या तोंडावर. ते बोलायच्या आत मी त्या कोपऱ्यात ज्वारीच्या कणग्या आणून ठेवल्या. वर्षाची ज्वारी पण नव्हती घरात. दोन रिकाम्याच होत्या.

आक्का शहाण्या होत्या. कणग्या बघितल्या आन् आपणहून म्हणाल्या, मुदखेडला जाते. हे रडले. आक्कांनी त्यांना गप केलं. म्हणाल्या, "नागू, तुझी पाठ राहिली पाहिजे. गिरजानं वाचलंय म्हंजे बरोबरच असल." माझ्याकडं बघून बोलल्या. टोमणा होता का? आधी मला वाटायचं टोमणा असावा — असता तर बरं झालं असतं. पण नव्हता. त्या माझ्यावर खूश होत्या. आपण शिकवलेली बाई इंग्रजी वाचते म्हणून.

छत पाडलं, भिंती चढवल्या, वर पत्रे टाकले. लिफ्ट बसवायला आलेल्या माणसाला मी चहा दिला तर तो वर बघत म्हणाला, "बाई, छोटीवाली तर पहिल्या छताखाली बसली असती." हे बाहेर होते. मी त्याला भजी आणून दिली आन् त्याच्या लेकराबाळांची चौकशी करत बसले. बोलता येतं ना मला.

आन् ऐका पुढचं. ह्यांना उभं राहून काम जमेना. सवय नव्हती. स्टूल घेऊन बसायचे आन् गाडी कमरेएवढीच उचलायचे. शेवटपर्यंत. चौदा फुटाचं छत वर तसंच रिकामं राहिलं, चिमण्यांना.

दोन वर्षांनी नांदेडला एका लग्नाला गेले होते, तशीच पुढं मुदखेडला गेले. हे म्हणाले होते, आक्काला बघून ये. आक्का स्टेशनच्या नळावरून पाणी भरत होत्या. दिराच्या घरी बारा माणसं. सगळ्यांचं पाणी त्यांच्या डोक्यावर. निजायला कडब्याशेजारी जागा. मला बघून हात पदराला पुसले, ह्यांच्या पाठीचं विचारलं, लिफ्टचं विचारलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, "पत्र्याखाली एवढासा माळा निघल का गं? मला काय, पाय पसरण्यापुरती जागा लागती."

निघाली असती. आरामात. चार फळ्या टाकल्या असत्या तर.

मी म्हणाले, "न्हाई हो आक्का. गाडी वर गेली की टप पत्र्याला टेकतो."

बरं, बरं म्हणाल्या. मला स्टेशनपर्यंत पोचवायला आल्या. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. नळावरून येताना चक्कर आली म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या लिंगायतांच्या रीतीनं बसवून मूठमाती दिलेली होती.

तिथून ह्यांचं बोलणं कमी झालं. आता घरात बाई मी एकटीच, चहा पण माझ्याच हातचा. पण वर जाऊन जे हसायचे, तसं माझ्याजवळ कधी हसले नाहीत. त्यांनी मनाशी एक धरलं होतं — माझ्या पाठीपायी बहीण गेली. वीस-बावीस वर्षं ते तेवढंच घेऊन जगले. मी तेल लावून पाठ चोळून द्यायचे आन् गप बसायचे. एक शब्द बोलले असते तर त्यांचं ओझं उतरलं असतं. माझ्यावर आलं असतं, म्हणून नाही बोलले.

शेवटच्या आजारात एकदा दुपारी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, "आक्काला मी घालवलं. तू तरी मला माफ कर."

मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. मी म्हणाले, "केलं."