वाटेतलं वाकण

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माळी हल्ली मशीनने गवत कापतो. तो कर्कश आवाज मला मुळीच सोसत नाही, पण कापलेल्या ओल्या गवताचा वास येतो म्हणून मी खिडकी लावून घेत नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मी इथल्याच डोंगराखाली एका शेठच्या खाजगी रानावर राखणीला होतो. पावसाळा संपेपर्यंत गेटपासून विहिरीपर्यंतची पायवाट करवंदीच्या जाळ्यांनी आणि छातीभर गवताने बुजून जायची. मी गेटकडून कोयता चालवायचो, तर माझा जोडीदार भिवा कुंपणाबाहेरून फिरून विहिरीकडून सुरुवात करायचा. मध्यावर गाठ पडायची, पण आमच्या वाटा कधी समोरासमोर आल्या नाहीत. चार हातांचा फरक राहायचाच. तो सांधताना वाटेला वाकण पडायचं आणि आमचं भांडण ठरलेलं.

"तुझो कोयतो वाकडो चलता रे!" भिवा ओरडायचा. "मी सरळच इलंय!"

"चल रे, आधी डोळे तपासून घे," मी म्हणायचो. मग तिथेच बसून आम्ही डबे उघडायचो.

एका वर्षी आई आजारी म्हणून भिवा गावी गेला, तो परतलाच नाही. त्या वर्षी मी एकट्याने गेटकडून निम्मी वाट कापली, थांबलो आणि कुंपणाबाहेरून फिरून विहिरीकडे गेलो. तिथून पुन्हा कापत आलो. तेव्हा स्वतःलाच वेड्यात काढलं होतं. आता नाही काढत.

त्या दिवशी दुपारी मधली शेवटची जाळी तोडली. वाट अगदी सरळ जुळली होती. भांडायला कोणी नव्हतं.