तिघांत वाटलेलं राज्य

शनिवारची दुपार होती. आयर्लंडमध्ये, सँट्रीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये टेबलाच्या एका टोकाला बाबा नातीला रोमन लोक शिकवत होते आणि दुसऱ्या टोकाला मी फोनवर बाबांचं वर्ष वाटत होते. ऑफिसच्या कामाने माझा जीव मेटाकुटीला आला होता. कुणीही काहीही ठरवावं आणि मला मोकळं करावं, एवढंच वाटत होतं.

आई गेल्यावर बाबा नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. यंदा ते माझ्याकडे आले होते. ते परत जाण्याआधी, पुढे वर्षातले कोणते महिने कुणाकडे, हे आम्हा तिघा भावंडांना ठरवायचं होतं. पुण्याच्या दादाला उन्हाळा नको होता, मुलाची बारावी. ठाण्याच्या धाकटीला दिवाळीनंतर जमणार नव्हतं. माझ्याकडे व्हिसा तीनच महिन्यांचा. "तुझं बरं आहे," धाकटी म्हणाली, "तुला सरकारनेच सोडवलंय." मी कानात हेडफोन घालून, बाबांचा उल्लेख टाळत बोलत होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असं बोललेलं कळत नाही, हा आपला सगळ्यांचाच गोड गैरसमज.

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला. नातीला सोमवारी वर्गात रोमवर बोलायचं होतं, त्यामुळे ते रंगात आले होते.

"हुकूमशहाचा खून झाला. मग तिघं सेनापती नदीतल्या बेटावर बसले आणि मुलूख वाटून घेतला. सौदा जमावा म्हणून स्वतःच्या नात्यातली माणसंसुद्धा मारायला दिली. तिसरा कमजोर होता, त्याच्या वाट्याला शेवटी आफ्रिका उरली."

"डिड एनीवन आस्क आफ्रिका?" लेकीने विचारलं. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीतच येतं.

"विचारत नसतात बाप्पा."

मी बोलता बोलता थांबले. "ऐकतेयस ना?" दादा विचारत होता.

"अँड आयर्लंड?"

"ते कुणीच घेतलं नाही. पुढे शे-सव्वाशे वर्षांनी एका सेनापतीला वाटलं होतं, एक फौज पुरे होईल. पण आलं कोणी नाही. त्यांना आपसातल्या भांडणांतून फुरसत कुठे?"

"ग्रँड," असं इथलं 'छान' म्हणत लेकीने ते लिहून घेतलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळले. "काय वाटणी करून राहिले तुम्ही? स्पीकरवर टाक तो फोन."

मी टाकला.

"मी नागपुरातच राहीन," ते शांतपणे म्हणाले. "माझं घर आहे, शेजारी आहेत, वाचनालय आहे. मला कोणी वाटून घेऊ नका."

दादा तब्येतीचं बोलला, मग लोक काय म्हणतील ते बोलला. धाकटी रडायला लागली. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटत होतं. 'बाबा, असं नका करू' एवढं तरी म्हणायला हवं होतं.

"मग तिथे जेवणाचा डबा लावावा लागेल," मी म्हणाले.

"लाव," बाबा म्हणाले.