दाजींच्या गाडीतला विजेचा पंप

तमाम नातेवाइकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, दाजींची गाडी शर्यतीआधीच हरली होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

सासऱ्यांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, एकदा तरी शाबासकी मिळावी म्हणून दाजींनी वडिलांचीच जुनी मोटार शर्यतीसाठी सजवली. इंजिन जाड मोटर प्लेटवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या धातूच्या पत्र्यावर, बसवलं. इंजिन थंड ठेवणारा, पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप काढून विजेचा लावला. त्याचं बटण वेगळं होतं. आनंदनगरच्या सरळ रस्त्यावर आपली पाळी येईपर्यंत दाजींनी इंजिन चालू ठेवलं, पण बटण दाबायला विसरले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. अशी करमणूक फुकट कुठे मिळते?

गाडी सुटण्याआधीच बॉनेटमधून वाफ उसळली. चारचौघांत वडील ओरडले, "जावईबापू, पाणी उकळलंय, चहापत्ती टाका!"